रानाचा चारा कुणाच्या खात्यावर?

हरिणांच्या आहाराचे शास्त्र शिकण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला कोणत्याही विद्यापीठाची पायरी चढावी लागत नाही. कोणत्या महिन्यात कोणते पीक कळपाला ओढून आणते, ते कोणत्या अवस्थेत त्याला अधिक रुचते, कोणत्या धुऱ्यावरून तो शिरतो आणि कोणत्या नाल्याने परततो, हे सारे त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे. आणि या ज्ञानाची फी तो दर हंगामात उभ्या पिकाच्या रूपाने भरीत आला आहे. तेव्हा प्रश्न ज्ञानाच्या अभावाचा नाही. ज्या प्राण्यांचे रक्षण करण्याचा निर्णय साऱ्या राष्ट्राने घेतला, त्यांच्या चाऱ्याचा खर्च तीन एकरांच्या सोयाबीनवाल्याच्या खात्यावर का मांडला जातो, हा खरा प्रश्न आहे. तो वनखात्याचा नाही, कृषिखात्याचाही नाही; तो न्यायाचा आहे.

प्रथम नावांचा घोळ दूर केला पाहिजे. गावात ‘हरणं’ हा एकच शब्द चालत असला तरी शेतात येणारे प्राणी अनेक आहेत. चितळ, सांबर आणि भेकर ही खरी मृगकुळातील. ती ज्ञानगंगा व अंबाबरवा या अभयारण्यांच्या कडेला असलेल्या शेतांत उतरतात. काळवीट आणि चिंकारा हे माळरानाचे रहिवासी. आणि सर्वांत धिप्पाड म्हणजे रोही, ज्याला शहरात नीलगाय म्हणतात. तो ना गाय, ना खरे हरिण. यांच्या जोडीला रानडुक्कर आहेच. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा. पण कायद्याच्या दृष्टीने तो त्याहून महत्त्वाचा आहे, हे पुढे दिसेल.

आता हंगामाचे चक्र पाहू. मृगाच्या पावसावर पेरलेले सोयाबीन जमिनीतून वर येताच पहिला हल्ला होतो. कोवळे रोप दलपत्रांच्या खालून खुडले गेले की ते संपतेच. एका रात्रीत कळप तासच्या तास साफ करतो आणि शेतकऱ्यापुढे दुबार पेरणी उभी राहते. बियाणे पुन्हा विकत, खत पुन्हा उधारीवर, आणि पेरणीची योग्य वेळ टळलेली! कपाशीची कोवळी पाने, पात्या आणि पुढे हिरवी बोंडे रोह्याला प्रिय. श्रावणाच्या सुमारास मूग-उडदाच्या शेंगा भरतात आणि कळप तिकडे वळतो. मक्याची कणसे दुधात आली की रानडुकराची पाळी; तो खातो त्याहून अधिक आडवे करतो. ज्वारी हुरड्यात येताच पाखरांपासून रोह्यापर्यंत साऱ्यांना निमंत्रण मिळते. तूर फुलावर आली की रोही मान उंच करून शेंडे आणि कळ्या ओरबाडतो.

खरीप आटोपले म्हणजे संकट टळले असेही नाही. दिवाळीनंतर माळावरचे गवत वाळू लागते, नाले आटतात, आणि त्या पिवळ्या पडलेल्या मुलखात हिरवे असे एकच काही उरते : हरभरा. घाटावरच्या मेहकर-चिखलीच्या काळ्या रानात काय आणि घाटाखाली पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात काय, रब्बीचा आधार हाच. पानांवर आंब असली तरी रोही आणि काळवीट त्याला सोडत नाहीत. नोव्हेंबरपासून घाटे भरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन महिने, शेतकऱ्याला शेत सोडता येत नाही. विहिरीला पाणी असेल तर गव्हाची कोवळी पात राखा, उन्हाळी भुईमूग घेतला तर तो डुकराच्या मुसंडीपासून वाचवा. वर्षाचे बारा महिने कोणते ना कोणते पीक कुणाच्या ना कुणाच्या तोंडी असतेच.

अमेरिकेत शिकारीच्या हंगामात हरिणांनी आपल्या रानात यावे म्हणून हौशी शिकारी आणि जमीनमालक मुद्दाम सोयाबीन, मका आणि क्लोव्हरची शेते पेरतात. कोणते पीक कोणत्या महिन्यात हरिणाला खेचते यावर तिथे बियाणे विकणाऱ्या कंपन्यांचा धंदा चालतो. तेच सोयाबीन आणि तोच मका बुलढाण्याचा शेतकरीही पेरतो. फरक एवढाच की तिथे ते पीक आमिष आहे आणि इथे ती पोराच्या शाळेची फी, पोरीचे लग्न आणि सावकाराचा हप्ता आहे. ज्याच्यापाशी जमिनीचा सुकाळ आहे त्याची करमणूक ती ज्याच्यापाशी तिचा दुष्काळ आहे त्याची रात्रीची झोप, असे हे जगाचे विषम वाटप!

शिकार आणि सत्ता यांचे नाते जुने आहे. सरंजामी युरोपात हरिण राजाचे आणि उमरावाचे असे. कुळाच्या शेतात ते चरत असले तरी कुळाने त्याला हात लावावयाचा नाही. १७८९ मध्ये फ्रेंच शेतकऱ्यांनी आपली गाऱ्हाणी लिहून पाठविली तेव्हा त्यांत उमरावांच्या शिकारीच्या जनावरांनी केलेल्या नासाडीचा उल्लेख वारंवार आला. आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जी सरंजामी मिरासदारी रद्द झाली तीत शिकारीचा अनन्य हक्कही होता. जर्मनीत हाच हक्क १८४८ च्या क्रांतीने उमरावांकडून काढून घेतला. तेथील आजच्या कायद्यात शिकारीचा हक्क जमिनीशी जोडलेला आहे, आणि जंगली जनावराने केलेल्या पीकहानीची भरपाई हे कायदेशीर दायित्व आहे. शिकारीचे क्षेत्र खंडाने घेणारा ते बहुधा आपल्या अंगावर घेतो. जनावर ज्याच्या अधिकारात, नुकसानही त्याच्या खात्यात, हे तेथे मानले गेलेले तत्त्व आहे.

आपल्याकडचा इतिहास निराळ्या वाटेने गेला. ब्रिटिश अमलात साहेब आणि संस्थानिक यांनी हौसेखातर शिकार केली, तर ज्यांची उपजीविकाच शिकारीवर होती त्या फासेपारध्यांना गुन्हेगार जमातींच्या कायद्यान्वये जन्मजात गुन्हेगार ठरविण्यात आले. तथापि १९१२ च्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्यातही आपल्या मालमत्तेच्या प्रामाणिक रक्षणार्थ जनावर मारण्यास सूट होती. पुढे ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेच्या काळात पीकसंरक्षणाच्या नावाने बंदुकांचे परवाने वाटले गेले. त्यांचा उपयोग करणारांत गरजू शेतकरी थोडे आणि जीपमधून रात्री दिव्याच्या झोतात काळवीट टिपणारे हौशी फार. वऱ्हाडातले काळविटांचे मोठाले कळप ओसरले त्यात या बंदुकांचा वाटा लहान नाही.

या पार्श्वभूमीवर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि तो आवश्यकच होता. प्रारंभी त्यातही परवान्याने शिकार करण्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती संपली आणि शिकारीचा हंगाम ही गोष्ट या देशात इतिहासजमा झाली. या निर्णयाचे आम्ही समर्थनच करतो. परंतु या कायद्याने बचावाची सूट माणसाच्या जिवापुरती ठेवली, मालमत्तेचा बचाव तीतून वगळला. पिकासाठी वेगळी परवानगी लागते, आणि तिथेच अनुसूचींचा भेद आड येतो. रोही किंवा रानडुक्कर उभ्या पिकाला धोकादायक ठरल्यास अधिकारी परवानगी देऊ शकतो. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत. त्यांनी सारे शेत खाल्ले तरी पीक हे कारणच कायद्याला मंजूर नाही. काळवीट दुर्मीळ आहे हे मान्य. पण मग त्याच्या दुर्मीळतेची किंमत ज्याने चुकविली त्याची दखल कायद्याने तेवढ्याच कठोरपणे घ्यावयास नको काय?

जनावरे शेतात येतात ती केवळ सोयाबीन गोड आहे म्हणून नव्हे. वऱ्हाडात प्रत्येक गावाला ई-क्लासची गुरचरण जमीन होती. तिच्यावर गावची गुरे चरत आणि काळवीटही चरे. त्या जमिनीचे पुढे काय झाले? काही भूमिहीनांनी पोटासाठी कसली, काही पुढाऱ्यांनी प्रतिष्ठेसाठी बळकावली, काही सरकारी इमारतींनी व्यापली, आणि आता सौर प्रकल्पांसाठी तिच्याकडे बोट दाखविले जात आहे. उरलेल्या माळांवर वनीकरणाच्या नावाने झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या. गवती माळ म्हणजे पडीक जमीन, हा साहेबी हिशेब आपण तसाच पुढे चालविला. लांडगा संपत आला, बिबट्या जंगलाच्या कडेला राहिला, आणि मोकळ्या शिवारात रोह्याला धाक उरला नाही. ज्याचे कुरण गेले आणि शत्रूही गेला, ते जनावर शेतात आले नाही तरच नवल!

या नासाडीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या पश्चिम सीमेवर केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगलाला लागून असलेल्या शेतांत निम्म्याहून अधिक पीक जाते आणि अंतर वाढेल तसे नुकसान घटते, असे त्यांना आढळले. जंगलाच्या आणि माळाच्या कडेची शेते कुणाची असतात? हलक्या जमिनीवरच्या अल्पभूधारकाची, आदिवासीची, अतिक्रमण कायम होण्याची वाट पाहणाऱ्या भूमिहीनाची. काळ्या कसदार रानाचा मालक गावाजवळ आणि नदीकाठी असतो; कळप त्याच्यापर्यंत पोहोचेतो त्याचे पोट भरलेले असते. तोही अस्वस्थ झाला तर तारेचे कुंपण घालू शकतो. मग कळप वळून बिनकुंपणाच्या शेजाऱ्याकडे जातो. एकाचे कुंपण म्हणजे दुसऱ्याच्या शेताचे उघडे फाटक, अशी ही व्यवस्था आहे. सौर कुंपणाला सरकारी अनुदान आहे, पण आपला हिस्सा ज्याला भरता येत नाही त्याच्यासाठी ते कागदावरच राहते. आणि अगतिक झालेला एखादा तारेत थेट वीज सोडतो. तीत कधी जनावर मरते, कधी शेजारचा सालदार.

पिकापेक्षाही मोठे आणि कुठल्याही पंचनाम्यात न येणारे नुकसान म्हणजे जागल. मचाणावर किंवा धुऱ्यावर बसून, डबा बडवीत आणि आरोळ्या ठोकीत काढलेल्या थंडीतल्या रात्रींची मजुरी कोण मोजतो? दिवसा राबायचे आणि रात्री जागायचे. घरचा पुरुष जागलीवर म्हणून सकाळची सारी कामे बाईच्या माथी. साप-विंचवाचे भय आणि अपुऱ्या झोपेचे आजार. हे श्रम उत्पादनखर्चात धरले जात नाहीत, हमीभावाच्या हिशेबात ते दिसत नाहीत. ज्या जिल्ह्याची गणना २००६ च्या पंतप्रधान पॅकेजच्या वेळी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांत झाली, तेथील कोरडवाहू शेतीचा तोटा मांडताना ही जागल विसरणे म्हणजे हिशेबाची वही अर्धीच उघडणे होय.

याचा परिणाम पिकांच्या निवडीवरही होतो. जनावरे नको म्हणून भुईमूग सोडला, राखण परवडत नाही म्हणून मूग-उडीद कमी केला, असे सांगणारे शेतकरी गावोगाव भेटतील. ज्वारी मागे हटली ती मुख्यतः बाजारभावाने आणि सोयाबीनच्या प्रसाराने. पण पाखरे आणि जनावरे यांच्या राखणीचा बोजा हेही तिच्या माघारीचे एक कारण आहेच. ज्वारीबरोबर घरचे अन्न गेले आणि गुरांचा कडबाही गेला. पूर्वी शेताच्या कडेने करडईचे तास घालीत. तिच्या काट्यांना जनावरे बिचकत आणि घरचे तेलही निघे; बाजाराने करडईला वाऱ्यावर सोडले आणि ते जिवंत कुंपण नाहीसे झाले. हळद, आले, मिरची लावा, त्यांना रोही सहसा तोंड लावीत नाही, असा सल्ला आता दिला जातो. सल्ला चुकीचा नाही. पण त्या पिकांना पाणी लागते आणि भांडवल लागते. ज्याच्यापाशी ही दोन्ही आहेत त्याला सल्ल्याची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे त्याला सल्ला परवडत नाही.

मग भरपाईचे काय? वनखात्याची योजना आहे, अर्जाला मुदत आहे, संयुक्त पंचनामा आहे आणि रकमेला कमाल मर्यादा आहे. परंतु नुकसान ठरते ते डोळ्यांनी पाहून. ताडोबाच्या उपरोक्त अभ्यासाचा निष्कर्ष असा की, ही नजरअंदाजाची पद्धत प्रत्यक्ष नुकसान अतिशय कमी दाखविते, इतकेच नव्हे तर प्रत्यक्ष हानीशी तिचा मेळच बसत नाही. याचे कारण शेतकऱ्याला विचारा. हरभऱ्याचे शेंडे खुडले की त्याला फुटवे फुटतात. शेतकरी स्वतःही ते एकदा खुडतो. पण कळप रोज येऊन खुडतो तेव्हा झाड हिरवे दिसते, फूल मात्र उशिरा येते आणि तोवर जमिनीतली ओल गेलेली असते. पंचनामा करणाऱ्याला शेत हिरवेगार दिसते. खळ्यावर मात्र पोते भरत नाही. पीकविम्याची कथा वेगळी नव्हती. त्याचे मोजमाप महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर. त्या सरासरीत एका धुऱ्यावरच्या शेताची राखरांगोळी दिसावी कशी? २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने जाहीर केले की, २०२६ च्या खरिपापासून वन्य प्राण्यांनी केलेली हानी वैयक्तिक नुकसान म्हणून विम्यात जोडसंरक्षणाने धरली जाईल. प्राणी आणि जिल्हे राज्यांनी अधिसूचित करावयाचे आणि शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत मोबाइलवरून छायाचित्रासह कळवावयाचे. तत्त्व मान्य झाले हे स्वागतार्ह आहे. पण रोज थोडे थोडे खाल्ले जाणारे पीक ‘घटना’ केव्हा ठरणार, आणि ७२ तास कोणत्या रात्रीपासून मोजणार?

या प्रश्नावर दोन सोपी उत्तरे दिली जातात, आणि दोन्ही आम्हांला अमान्य आहेत. पहिले उत्तर बंदुकीचे. २०१५ च्या अखेरीस केंद्राने बिहारच्या काही जिल्ह्यांत रोह्याला उपद्रवी घोषित केले आणि २०१६ मध्ये मोकामा येथे बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक रोही मारले. दिल्लीत दोन मंत्र्यांचा वाद रंगला, पण कुरणाचा, भरपाईचा आणि जागलीचा प्रश्न होता तिथेच राहिला. जिथे अन्य उपाय संपले तिथे नियमाने, खात्याच्या जबाबदारीवर आणि ग्रामसभेच्या माहितीने संख्या आटोक्यात आणण्यास आमचा विरोध नाही; केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबत असा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे दिला. पण बंदूक हेच धोरण झाले तर जीपवाले हौशी पुन्हा शिवारात येतील.

दुसरे उत्तर शहरी निसर्गप्रेमाचे : शेतकऱ्याने सहन करावे, कारण जनावरांचे घर आपण बळकावले. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ महिनोन्‌महिने चालत ज्ञानगंगेत पोहोचला तेव्हा साऱ्या देशाने कौतुक केले. आम्हांलाही आनंद झाला. पण त्या प्रदीर्घ वाटेवर त्याने जे भक्ष्य खाल्ले असेल त्यातले किती कापसावर, तुरीवर आणि हरभऱ्यावर पोसलेले असेल याचा विचार कौतुक करणाऱ्यांनी कधी केला काय? वाघाचे ताट शेतकरी वाढतो. त्याला अन्नदात्याचा मान नको असेल, निदान गुन्हेगाराची वागणूक तरी देऊ नका.

आमची मागणी स्पष्ट आहे. वन्यप्राणी ही सार्वजनिक संपत्ती असेल तर तिचा चाराही सार्वजनिक खर्चाने झाला पाहिजे. नुकसान नजरेने नव्हे, प्रत्यक्ष उत्पन्नावरून मोजा. त्याच शिवारातल्या सुरक्षित शेताशी तुलना करा आणि जो फरक येईल तो कमाल मर्यादेविना द्या. ती भीक नसून देणे आहे. काळविटाने खाल्लेल्या पिकाची भरपाई विशेष तत्परतेने द्या, कारण तिथे कायद्याने दुसरा मार्गच ठेवलेला नाही. ज्या महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा देशात प्रथम केला, त्याने सामुदायिक राखण हे मजुरीचे काम म्हणून मान्य करावे. दहा शेतांची जागल दहा कुटुंबांनी काढण्याऐवजी गावच्या राखणदारांनी रोजंदारीवर काढावी. कुंपण द्यावयाचे तर व्यक्तीला नव्हे, साऱ्या शिवाराला द्यावे आणि गरिबाचा हिस्सा सरकारने भरावा. ई-क्लासच्या उरल्यासुरल्या जमिनींवर गवत राखावे. त्या कामी माळ आणि काळवीट ज्यांच्याइतके कुणालाच कळत नाहीत त्या फासेपारध्यांना सन्मानाची मजुरी मिळावी. आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने करडईसारख्या जिवंत कुंपणाच्या पिकांना संशोधनाची आणि सरकारने त्यांना भावाची जोड द्यावी.

ही कामे निवेदनांनी होणार नाहीत. मोताळा, संग्रामपूर, जळगाव जामोद, लोणार, सिंदखेडराजा या तालुक्यांतील साथींनी येत्या हंगामापासून गावोगाव एक साधी वही ठेवावी : तारीख, पीक, पिकाची अवस्था, जनावर, गेलेले तास, आणि जागलीच्या रात्री. खळ्यावर माल आला की शेजारच्या शेताशी तुलना करून पोत्यांचा फरक त्याच वहीत नोंदवावा आणि ती ग्रामसभेत वाचून ठरावाला जोडावी. सरकारपाशी आकडे नाहीत असे नव्हे. जे आहेत ते पंचनाम्याचे आहेत, खळ्याचे नाहीत. खळ्याचा आकडा पुढे आला की भरपाईचा प्रश्न दयेच्या खात्यातून हक्काच्या खात्यात जाईल.

रोही आणि काळवीट शेतकऱ्याचे शत्रू नाहीत. त्यांनाही भूकच शेतात आणते, आणि भूक काय असते हे वऱ्हाडातल्या कोरडवाहू माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. दोन भुकेल्यांना एकाच हरभऱ्यावर झुंजत ठेवून जी व्यवस्था दूर उभी राहते आणि एकाला ‘उपद्रवी’, दुसऱ्याला ‘चोरटा शिकारी’ म्हणते, तिच्याशी आपला झगडा आहे.